परिषदेतील वक्ता आणि भाषणाचे दायित्व : धनंजयराव गाडगीळ, बेलापूर परिषद (१९४५) आणि प्रवरानगर

प्रस्तावना

महाविद्यालयीन शिक्षकाच्या व्यावसायिक जीवनात परिषदेतील भाषणाला महत्त्वाचे स्थान आहे. निबंधवाचन, बीजभाषण, अध्यक्षीय समारोप या तिन्ही भूमिकांतून शिक्षक आपल्या अभ्यासाची मांडणी वर्गाबाहेरच्या श्रोत्यांसमोर करीत असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीत अशा सहभागाला गुणांकनाचे रूप मिळाले आणि परिषदांची संख्याही वाढली. मात्र परिषदेत मांडलेल्या विचाराचे पुढे काय होते, आणि ते होण्यात वक्त्याचा वाटा किती असावा, हा प्रश्न बहुधा विचारला जात नाही.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी राहाता तालुक्याच्या परिसराला दूरचे उदाहरण शोधावे लागत नाही. १९४५ साली बेलापूर येथे भरलेल्या दख्खन कालवे बागाईतदार परिषदेत पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक प्रा. धनंजय रामचंद्र गाडगीळ यांनी ऊस पिकविणाऱ्यांनी स्वतःचा सहकारी साखर कारखाना काढावा, असा विचार मांडला. पाच वर्षांनी लोणीजवळ प्रवरानगर येथे असा कारखाना उभा राहिला. या घटनेचा उल्लेख सहकाराच्या इतिहासात नेहमी होतो. पण तो बहुतेक वेळा कारखान्याच्या बाजूने होतो. प्रस्तुत लेखात हीच घटना वक्त्याच्या, म्हणजे एका शिक्षक-संशोधकाच्या बाजूने पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

कालव्याचे पाणी आणि उसाचा प्रश्न

बेलापूरच्या परिषदेला आलेला श्रोता कोण होता, हे समजल्याशिवाय तेथील भाषणाचे महत्त्व कळत नाही. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याचा हा उत्तर भाग मूळचा अवर्षणप्रवण. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात येथे दोन नद्यांचे पाणी कालव्यांनी आले. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वर येथील बंधाऱ्यावरून गोदावरीचे कालवे निघाले; त्यांपैकी उजवा कालवा कोपरगाव-राहाता पट्ट्यातून जातो. भंडारदरा येथील धरण १९२६ साली पूर्ण झाले आणि संगमनेरजवळच्या ओझर बंधाऱ्यावरून प्रवरेचे कालवे वाहू लागले. लोणीचा परिसर प्रवरेच्या पाण्यावर, तर राहाता गोदावरीच्या पाण्यावर, अशी आजच्या राहाता तालुक्याची रचना आहे. १९९९ साली राहाता हा स्वतंत्र तालुका झाला, त्याच्या कितीतरी आधी या दोन पाण्यांनी त्याचे अर्थकारण घडविले होते.

हे कालवे सरकारने मुख्यतः दुष्काळनिवारणाच्या हेतूने काढले होते. प्रत्यक्षात पाणीपट्टी भरण्याची ऐपत देणारे पीक ऊस हेच ठरले. उसाने सारे पाणी शोषून घेऊ नये म्हणून मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी ब्लॉक पद्धत सुचविली होती. या पद्धतीत मंजूर क्षेत्राच्या सुमारे एक तृतीयांश भागातच ऊस घेता येत असे व उरलेल्या भागात हंगामी पिके घ्यावी लागत. तरीही बागाईतदाराची आर्थिक नाडी उसाशीच बांधली गेली.

ऊस पिकविणे आणि उसातून पैसा मिळविणे या मात्र दोन वेगळ्या गोष्टी होत्या. शेतकरी आपल्या गुऱ्हाळात रस आटवून गूळ करी आणि तो अडत्यामार्फत बाजारात नेई. लागवडीसाठी घेतलेली उचल बहुधा त्याच अडत्याची असे. गुळाचा भाव पडला की वर्षभराची मेहनत आणि कर्ज एकदमच अंगावर येई. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळले, तेव्हा हा अनुभव सर्वत्र आला.

याच काळात साखरधंद्याला मात्र बरे दिवस येत होते. १९३२ च्या कायद्याने परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसली आणि देशभर साखर कारखाने निघाले. गोदावरी-प्रवरेच्या खोऱ्यात हरेगावची बेलापूर कंपनी त्याआधीपासून होती. पुढे टिळकनगर, साकरवाडी, लक्ष्मीवाडी येथे खाजगी कारखाने उभे राहिले. या कारखान्यांची दख्खनमधील एक विशिष्ट रीत होती. उत्तर भारतातील कारखाने शेतकऱ्यांचा ऊस विकत घेत. येथील कंपन्या शेतकऱ्यांच्या जमिनी दीर्घ मुदतीच्या खंडाने घेऊन त्यांवर स्वतः ऊस पिकवीत. परिणामी, ज्याच्या जमिनीत ऊस उभा राही तो शेतकरी साखरेच्या नफ्यात कोठेच नसे. तो एक तर खंडकरी जमीनमालक म्हणून ठराविक रक्कम घेई, नाहीतर गुऱ्हाळ चालवून गुळाच्या भावाची वाट पाही.

येथे उसाचा एक स्वाभाविक गुणधर्मही लक्षात घ्यावा लागतो. तोडलेला ऊस साठवून ठेवता येत नाही. दिवस उलटू लागताच त्यातील साखरेचा उतारा घटू लागतो. त्यामुळे कारखाना जवळ असावा लागतो, आणि जवळ एकच कारखाना असला की भाव ठरविण्याची सत्ता त्याच्याकडे जाते. ही सत्ता उत्पादकाच्या हाती यावयाची तर यंत्राची मालकीही उत्पादकाकडे यावयास हवी. सासवडच्या माळी बागाईतदारांनी सोलापूर जिल्ह्यात माळीनगर येथे उत्पादकांचा कारखाना याच काळात काढला होता. पण तो भागभांडवली कंपनीच्या स्वरूपाचा होता. लहान व मध्यम शेतकऱ्याला परवडेल असा मार्ग अद्याप या भागात कोणी चोखाळलेला नव्हता.

वक्ता : वर्गाबाहेर पडलेला अर्थशास्त्रज्ञ

१९०१ साली नाशिक येथे जन्मलेल्या गाडगीळ यांचे शालेय शिक्षण नागपूरला आणि उच्च शिक्षण केंब्रिजला झाले. भारतातील औद्योगिक स्थित्यंतरावरील त्यांचा प्रबंध १९२४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आणि पुढे अनेक वर्षे विद्यापीठांत पाठ्यग्रंथ म्हणून वाचला गेला. सुरत येथील एम. टी. बी. महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांनी १९२५ ते १९३० या काळात सांभाळले. १९३० साली पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली. तिचे ते पहिले संचालक झाले आणि १९६६ पर्यंत त्या पदावर राहिले.

या संस्थेत त्यांनी जी अभ्यासपद्धती रुजविली तिचे वैशिष्ट्य म्हणजे प्रत्यक्ष पाहणी. वाई तालुक्यातील शेतीव्यवसायाची पाहणी १९४० साली प्रसिद्ध झाली. पुणे शहराच्या सामाजिक-आर्थिक पाहणीचा पहिला भाग १९४५ मध्ये आला. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा अभ्यास म्हणजे गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष लाभांची पाहणी. तिचा अहवाल १९४८ साली प्रसिद्ध झाला. कालव्याची किंमत केवळ सरकारी तिजोरीत जमा होणाऱ्या पाणीपट्टीवरून करू नये, तर त्या पाण्यामुळे शेती, मजुरी, व्यापार आणि वाहतूक यांत जी भर पडते तीही हिशेबात धरावी, ही त्या अभ्यासामागची दृष्टी होती. पाटबंधाऱ्यांच्या लाभ-व्ययाचा असा विचार करणाऱ्या भारतातील आरंभीच्या अभ्यासांत त्याची गणना होते.

याचा अर्थ असा की, बेलापूरच्या परिषदेत उभा राहिलेला वक्ता हा श्रोत्यांच्या शेतीविषयी केवळ सद्भावना बाळगणारा पाहुणा नव्हता. ज्या दोन कालव्यांवर श्रोत्यांचे जीवन चालले होते, तेच कालवे त्याच्या संस्थेच्या अभ्यासाचा विषय होते. शिवाय शेतीच्या कर्जपुरवठ्याविषयी नेमलेल्या केंद्रीय उपसमितीचे ते अध्यक्ष होते आणि त्या समितीचा अहवाल १९४५ मध्येच आला. शेतकरी कर्जात का अडकतो आणि सहकारी पतसंस्था त्याला कोठपर्यंत सोडवू शकतात, या प्रश्नाचा देशपातळीवरचा विचार त्यांच्या मनात ताजा होता.

बेलापूरची परिषद

परिषद बागाईतदारांची होती, अर्थशास्त्रज्ञांची नव्हती. शिक्षकाने आपल्या समव्यावसायिकांसमोर बोलणे आणि दुसऱ्या व्यवसायातील लोकांच्या परिषदेत बोलणे यांत मोठे अंतर आहे. समव्यावसायिकांच्या सभेत सिद्धान्ताची भाषा चालते. शंका विचारल्या जातात त्याही पद्धतीविषयीच्या असतात. बागाईतदारांच्या सभेत मात्र प्रत्येक विधान पाण्याची पाळी, गुळाचा भाव आणि सावकाराचे व्याज यांच्या कसोटीवर घासून पाहिले जाते. श्रोत्याला त्याच्या धंद्याची माहिती वक्त्यापेक्षा नेहमीच अधिक असते. वक्त्याजवळ अधिक असते ती तुलना करण्याची आणि विखुरलेल्या अनुभवांतून एक आकृती दाखविण्याची शक्ती.

गाडगीळ यांनी परिषदेसमोर मांडलेली सूचना याच शक्तीतून आली होती. बागाईतदारांच्या परिषदांतून पाण्याचे दर कमी करावेत, गुळाला भाव मिळावा, यांसारख्या मागण्या सरकारकडे करण्याची वहिवाट होती. गाडगीळ यांनी सरकारकडे पाहणारा हा चेहरा उत्पादकांकडेच वळविला. ऊस पिकविणाऱ्यांनी सहकारी तत्त्वावर स्वतः साखर तयार करावी, हे त्यांचे सांगणे होते. त्यात मागणीपेक्षा जबाबदारी अधिक होती. भाग घ्यावा लागणार, ऊस बांधून द्यावा लागणार, हिशेब सर्वांसमोर ठेवावा लागणार आणि प्रसंगी तोटाही वाटून घ्यावा लागणार, हे सहकारात गृहीतच होते.

अशी सूचना त्यापूर्वी भारतात अगदीच अनोखी होती असे नाही. आंध्रातील एटिकोप्पाका येथे १९३३ सालीच सहकारी साखर कारखाना निघाला होता. त्यामुळे प्रवरेच्या कारखान्यास आशियातील पहिला म्हणण्याचा जो प्रघात आहे, तो इतिहासदृष्ट्या काटेकोर नाही. महाराष्ट्रातील पहिला आणि पुढच्या सहकारी साखरधंद्याचा आदर्श ठरलेला कारखाना, हे त्याचे वर्णन अधिक योग्य होय. त्याने त्याचे मोल कमी होत नाही. कल्पना प्रथम कोणाला सुचली यापेक्षा ती कोणत्या भूमीत मूळ धरू शकली, याला आर्थिक इतिहासात अधिक महत्त्व असते.

श्रोत्यांतील तयारी

मूळ धरण्यास लागणारी भूमी लोणीला तयार होती. विठ्ठलराव विखे पाटील यांनी १९२३ साली लोणी बुद्रुक येथे सहकारी पतपेढी काढली होती. औपचारिक शिक्षण अल्प असलेल्या या शेतकऱ्याने वीस-बावीस वर्षे गावच्या कर्जव्यवहाराचा अनुभव घेतला होता. कोण वेळेवर परतफेड करतो, कोणाच्या शब्दाला गावात किंमत आहे, भावकीचे वाद कोठे आड येतात, हे सारे ज्ञान त्यांच्यापाशी होते. गाडगीळ यांच्या मांडणीला जो अनुभव पूरक ठरावयाचा होता, तो हाच.

विचार देणारा प्राध्यापक आणि तो स्वीकारणारा शेतकरी अशी सरळ विभागणी करून या घटनेचे वर्णन केले जाते. ते अपुरे आहे. श्रोत्यांपाशी सहकाराचा स्वतःचा अनुभव नसता, तर बेलापूरचे भाषण इतर अनेक भाषणांप्रमाणे टाळ्यांत विरून गेले असते. परिषद यशस्वी होण्यास वक्त्याच्या तयारीइतकीच श्रोत्यांची पूर्वतयारी कारणीभूत असते, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

भाषणानंतरची वर्षे

विखे पाटील व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढील काळात गावोगाव फिरून भाग गोळा केले. ज्या शेतकऱ्याने आयुष्यात कंपनीचा भाग पाहिला नव्हता, त्याला अद्याप न उभारलेल्या कारखान्यासाठी पैसे देण्यास तयार करणे सोपे नव्हते. खाजगी कारखान्यांचे वर्चस्व समोर होतेच. शासकीय बाजूने १९४६ ते १९५२ या काळात मुंबई राज्याच्या अर्थ व सहकार खात्यांची धुरा वैकुंठभाई मेहता यांच्याकडे होती. ते स्वतः सहकारी चळवळीतले असल्याने या प्रयत्नास सहानुभूतीचा आधार मिळाला. १९४८ साली स्थापन झालेल्या औद्योगिक वित्त महामंडळाकडून कर्ज उभे करण्यात आले. १९५०-५१ च्या हंगामात कारखान्याचे गाळप सुरू झाले.

या साऱ्या काळात गाडगीळ कोठे होते, हा प्रस्तुत लेखाचा मध्यवर्ती प्रश्न आहे. परिषद आटोपून ते पुण्यास परतले आणि पुढचे काम इतरांवर सोपविले, असे घडले नाही. कारखान्याचे पहिले अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले आणि आरंभीचे सुमारे दशकभर ते सांभाळले. विखे पाटील उपाध्यक्ष होते. संशोधन संस्थेचे संचालकपद, ग्रंथलेखन आणि ग्रामीण पतपाहणीसारख्या देशव्यापी समित्यांचे काम चालू असतानाच त्यांनी पुण्याहून प्रवरानगरची ही जबाबदारी वाहिली.

या अध्यक्षपदाचे व्यावहारिक मोल मोठे होते. कर्ज देणाऱ्या संस्थेला आणि शासनाला शेतकऱ्यांच्या नव्या संस्थेविषयी जो विश्वास वाटणे आवश्यक होते, तो एका प्रतिष्ठित अर्थशास्त्रज्ञाच्या नावाने सुलभ झाला. दुसरे असे की, परिसरातील कोणत्याही गावाशी, भावकीशी वा गटाशी नाते नसलेला अध्यक्ष सर्वांना सारखा होता. मात्र त्यात वैयक्तिक जोखीमही होती. कारखाना बुडाला असता तर शेतकऱ्यांचे भाग बुडाले असते आणि प्राध्यापकाचा सिद्धान्तही. परिषदेत सल्ला देणारा वक्ता सहसा सल्ल्याच्या परिणामांपासून सुरक्षित असतो. गाडगीळ यांनी ती सुरक्षितता आपण होऊन सोडली.

या अनुभवाने त्यांच्या विचारालाही काही दिले. सहकारी समाजरचनेविषयीचा त्यांचा ‘टुवर्ड्‌स अ को-ऑपरेटिव्ह कॉमनवेल्थ’ हा ग्रंथ १९६१ साली प्रसिद्ध झाला. त्यातील विचारामागे प्रवरेच्या खोऱ्यातील दहा वर्षांचा व्यवहार उभा होता, असे मानण्यास जागा आहे. पाहणीतून भाषण, भाषणातून संस्था आणि संस्थेतून पुन्हा विचार, असे हे वर्तुळ आहे.

एक पूर्वीचे उदाहरण

वक्त्याने आपले शब्द आपणच उचलून धरण्याचे महाराष्ट्रातील हे पहिले उदाहरण नव्हे. तीस वर्षांपूर्वी, डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईस भरलेल्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेचे अध्यक्षस्थान धोंडो केशव कर्वे यांच्याकडे आले होते. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकविणारे कर्वे १९१४ साली तेथून निवृत्त झाले होते. बनारसचे शिवप्रसाद गुप्त यांनी त्यांना जपानमधील महिला विद्यापीठाविषयीची पुस्तिका पाठविली होती. परिषदेच्या भाषणाची तयारी करताना त्या पुस्तिकेतील कल्पनेने त्यांच्या मनात आकार घेतला आणि भारतीय स्त्रियांसाठी स्वतंत्र विद्यापीठ हा भाषणाचा विषय झाला.

पुढच्याच वर्षी, १९१६ मध्ये, असे विद्यापीठ सुरू झाले. त्याच्या महाविद्यालयात आरंभी अवघ्या पाच विद्यार्थिनी होत्या. कर्वे यांनी निधीसाठी देशभर प्रवास केला. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी जाहीर केल्यावर विद्यापीठाला स्थैर्य आले. १९२९ मध्ये, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, कर्वे जिनिव्हा व डेन्मार्कमधील एल्सिनोर येथील आंतरराष्ट्रीय शिक्षण परिषदांना गेले, तेव्हा त्यांच्यापाशी सांगण्यासारखे बरेच काही होते. मुंबईच्या परिषदेत त्यांनी संकल्प मांडला होता. जिनिव्हात ते तेरा वर्षांच्या प्रयोगाचा वृत्तान्त देत होते. पहिल्या भाषणाचे दायित्व फेडले गेल्यामुळेच दुसऱ्या भाषणाला वजन आले.

कर्वे आणि गाडगीळ यांच्या उदाहरणांत एक फरकही आहे. कर्वे आपल्याच क्षेत्रातील, शिक्षणातील, संस्था उभारीत होते. गाडगीळ यांनी दुसऱ्यांच्या व्यवसायात पाऊल टाकले आणि अखेर त्या संस्थेची सूत्रे तिच्या मूळ धन्यांकडे, म्हणजे ऊस उत्पादकांकडे, गेली. त्यांच्यानंतर विखे पाटील अध्यक्ष झाले. दायित्व स्वीकारणे आणि योग्य वेळी ते उतरवून ठेवणे, या दोन्ही गोष्टी येथे दिसतात.

मर्यादा

या घटनेचा गौरव करताना तिच्या मर्यादा नजरेआड करता येणार नाहीत. सहकारी कारखान्याचा सभासद हा ऊस उत्पादक असतो. ज्याच्याकडे कालव्याचे पाणी नाही तो कोरडवाहू शेतकरी आणि ज्याच्याकडे जमीनच नाही तो ऊसतोड मजूर या सभासदत्वाच्या बाहेर राहिला. उसासारख्या पाणीखाऊ पिकाभोवती संस्थात्मक बळ एकवटल्याने पाण्याच्या न्याय्य वाटपाचा प्रश्नही पुढे तीव्र झाला. कारखान्यांच्या भोवती जी राजकीय सत्ता गोळा झाली, तिने अनेक ठिकाणी सहकाराच्या मूळ तत्त्वांनाच बाधा आणली.

दुसऱ्या बाजूला, याच कारखान्याच्या आधाराने परिसरात शिक्षणाच्या सोयी झाल्या. १९६४ साली स्थापन झालेल्या प्रवरा ग्रामीण शिक्षण संस्थेने लोणी परिसरात शाळा-महाविद्यालयांचे जाळे विणले. ज्या भागात एका प्राध्यापकाच्या भाषणातून कारखान्याची कल्पना आली, त्या भागात कारखान्यातून प्राध्यापकांच्या जागा निर्माण झाल्या, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

समारोप

बेलापूरच्या परिषदेवरून तीन निष्कर्ष काढता येतात. पहिला, परिषदेतील भाषण हे अभ्यासाचे फळ असावयास हवे, आणि तो अभ्यास शक्य तेथे श्रोत्यांच्या जीवनाचा असावा. दुसरा, शिक्षकाने आपल्या विषयाच्या वर्तुळाबाहेरील परिषदांतही बोलावयास हवे. तेथे विचाराची खरी परीक्षा होते. तिसरा आणि सर्वांत कठीण निष्कर्ष असा की, भाषण संपले तेथे वक्त्याचे काम संपत नाही.

प्रत्येक निबंधवाचकाने संस्था उभारावी, ही अपेक्षा अवास्तव ठरेल. पण ज्या गावाच्या पिकाविषयी, शाळेविषयी वा पाण्याविषयी निबंध वाचला, त्या गावात पुन्हा जाऊन निष्कर्ष सांगणे आणि ते चुकीचे ठरल्यास ऐकून घेणे, एवढे दायित्व कोणत्याही शिक्षकाला पेलण्यासारखे आहे. परिषदेच्या प्रमाणपत्रावर त्याची नोंद होत नाही. १९४५ साली बेलापूरला बोललेल्या प्राध्यापकाची नोंदही कारखान्याच्या गाळपात झाली, आणि त्यासाठी त्याला पुढची पंधरा वर्षे त्या भाषणाशी बांधून घ्यावे लागले.